दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला? तुमचे अनुभव सांगा

मधुरा_डोंबिवली | ९ जून, रात्री ११:२०

लेक तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. रविवारी आंघोळीनंतर तिला मांडीवर आडवी घेऊन केस पुसत होते. गुदगुल्या झाल्या म्हणून ती खदखदून हसली आणि वरच्या चार दातांच्या मुळाशी, अगदी हिरडीला लागून, तपकिरी रेघ दिसली. मधल्या दोन दातांना मागून खळगेच पडलेत. मला धस्स झालं. रोज सकाळी ब्रश करतो आम्ही. चॉकलेट तर सणासुदीला कोणी दिलं तरच.

एक गोष्ट मात्र आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच ती झोपते. दुधात अर्धा चमचा साखर. मध्यरात्री उठली की परत बाटली.

सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पडून नवे येतील, एवढ्याशा लेकराला कशाला खुर्चीवर बसवायचं. नवऱ्याचंही तेच मत. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर टॉर्च मारून "पाच-सहा वर्षांची झाली की बघू" असं सांगितलं. माझं मन काही मानत नाही. दुधाच्या दातांवर उपचार करतात का? तुम्ही केलेत का? आणि ही रात्रीची बाटली सोडवायची कशी? मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा इमारत जागी झाली.

---

चाफा | ९ जून, रात्री ११:४१

अगदी हाच प्रश्न मलाही आहे. मुलगा अडीच वर्षांचा. वाचते आहे.

---

रानपाखरू | १० जून, सकाळी ७:०५

मधुरा, थांबू नकोस. आम्ही थांबलो होतो.

मुलगा चार वर्षांचा असताना खालच्या दाढेला काळा ठिपका दिसला. "दुधाची दाढ आहे, पडेल" हे आम्हालाही सांगितलं गेलं आणि ते ऐकायला सोयीचं होतं. पुढचं वर्षभर तो एकाच बाजूने चावायचा. पोळी चघळून बाहेर काढायचा, आणि आम्ही त्याला खाण्याचे नखरे करतो म्हणून रागवायचो. हे आठवलं की आजही पोटात तुटतं. मग एका रात्री गाल सुजला, सकाळपर्यंत डोळ्याखालपर्यंत सूज आणि ताप १०३. तीन दिवस दवाखान्यात सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि शेवटी दाढ काढावी लागली.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी त्या जागी तारेचं कडं बसवायला सांगितलं होतं, जागा राखायला. आम्ही म्हटलं, पोराला आता पुरे झालं, आणखी त्रास नको. आता तो अकरा वर्षांचा आहे. मागची कायमची दाढ पुढे सरकली, रिकामी जागा तिने खाल्ली आणि तिथे यायचा दात हिरडीत अडकून बसलाय. दोन वर्षं तारा लावाव्या लागणार आहेत.

---

आजी_नाशिक | १० जून, सकाळी ९:३०

मुलींनो, मी ७१ वर्षांची आहे. माझी तीन मुलं राखुंडीने आणि बाभळीच्या काडीने दात घासून मोठी झाली. दातांचा डॉक्टर कसा दिसतो हे त्यांना लग्नापर्यंत माहीत नव्हतं. लहान मुलाला यंत्रं, सुया दाखवून घाबरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पडायचं ते पडतं, यायचं ते येतं.

मधुराताईंच्या सासूबाई काही वाईट सांगत नाहीत. त्यांना नातीची काळजीच आहे.

---

बालदंतवैद्य_कोथरूड | १० जून, दुपारी २:१५

मी लहान मुलांच्या दातांचाच डॉक्टर आहे, पंधरा वर्षं झाली. न बघता निदान करणार नाही, पण मधुराताई, तुम्ही केलेलं वर्णन आम्ही दर आठवड्याला बघतो. म्हणून सविस्तर लिहितो.

दुधाचे दात २०. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. पण दुधाच्या दाढा पडतात दहा ते बाराव्या वर्षी. तुमच्या मुलीच्या दाढांना अजून सात ते नऊ वर्षं काढायची आहेत. त्या काळात ती जेवणार, वाढणार, शाळेत जाणार. प्रत्येक दुधाच्या दाताखाली कायमच्या दाताची कळी असते, आणि वरच्या दाताचा पू तिथपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय कायमच्या दाताची जागा दुधाचा दातच धरून ठेवतो. रानपाखरू यांनी जे सोसलं ते नेमकं हेच.

वरचे चार दात किडले आणि खालचे स्वच्छ, असंच असेल ना? बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी असते आणि खाली लाळही साचते, म्हणून ते वाचतात. दूध वरच्या दातांभोवती रेंगाळतं. दिवसा लाळ ते धुऊन टाकते, झोपेत लाळ फार कमी सुटते. दातांवरच्या थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे किती गोड खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक अख्खा लाडू एकदाच खाल्लेला परवडला, दर तासाला एक बिस्किट नाही. दुधात स्वतःची साखर असतेच, वर अर्धा चमचा आपण घालतो, आणि ते रात्रभर.

कीड अशी काळी होऊनच सुरू होत नाही. आधी हिरडीच्या कडेने खडूसारखी पांढरी रेघ दिसते. त्या टप्प्यावर ती परतवता येते. म्हणून महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

उपचाराबद्दल. एवढ्या लहान मुलांसाठी आता बरेच सौम्य मार्ग आहेत. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशने किडीवर लावतात, सुई नाही, यंत्र नाही, कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधीच सांगावं लागतं. दाढा जास्त किडल्या असतील तर स्टीलच्या टोप्या बसवतात. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनॉल होतं.

पेस्ट: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात तशी नको. थुंकायला शिकवा, पण नंतर खळखळून चूळ भरायची गरज नाही. दिवसातून एकदाच घासता येत असेल तर सकाळचं सोडा, रात्रीचं सोडू नका. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा. ज्या हाताला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही.

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवावं.

---

चाफा | १० जून, दुपारी २:५०

डॉक्टर, आत्ता मुलाचा ओठ उचलून बघितला. पांढरी रेघ आहे. मला वाटलं होतं दूध चिकटलंय. पुसून बघितलं, जात नाही.

---

बालदंतवैद्य_कोथरूड | १० जून, दुपारी ३:०२

चाफा, तुम्ही अगदी वेळेत बघितलंत. याच आठवड्यात दाखवा. फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेप, लावतील, आणि रात्रीची सवय बदलली तर बहुधा ड्रिलची वेळ येणार नाही.

---

दोन_पोरांचा_बाबा | १० जून, रात्री १०:१०

बाटलीबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी ही लढाई मी लढलो आहे. एका रात्रीत बंद करायला गेलो तेव्हा आमचीही इमारत जागी झाली होती.

शेवटी जमलं ते असं. पहिल्या दोन रात्री दुधातली साखर बंद. मग दर रात्री दूध थोडं कमी आणि तेवढं पाणी जास्त. बाराव्या रात्री बाटलीत नुसतं पाणी होतं. तेराव्या रात्री साहेबांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, "बाबा, दूध मेलं" म्हणाले आणि बाटली खाली ठेवून झोपले.

दुसरं म्हणजे दुधाची जागा बदलली. आधी दूध हे झोपेचं औषध होतं. आता साडेआठला स्वयंपाकघरात बसून पेल्यातून दूध, मग ब्रश, मग गोष्ट, मग झोप. ब्रशनंतर फक्त पाणी. पहिले चार दिवस गोष्ट तीनदा सांगावी लागली, पण रडारड अर्ध्यावर आली.

---

मिंटी | १० जून, रात्री १०:३४

"दूध मेलं" :) पोराने एका वाक्यात निकाल लावला.

आमच्याकडे ब्रशला तोंड उघडत नाही हा प्रश्न होता. आता मी तिच्या तोंडात दुपारी काय काय लपलंय ते शोधते. "इकडे भेंडी आहे! अरे, मागच्या दाढेत वरण-भात झोपलाय, उठवू का त्याला?" ती "उठव उठव" म्हणून आ करते. झोपवून, तिचं डोकं माझ्या मांडीवर घेऊन घासते, उभं राहून समोरून काहीच दिसत नाही.

---

निसर्गसंगे | ११ जून, सकाळी ८:१२

सगळे फ्लोराइडचं कौतुक करत आहेत म्हणून वेगळं मत मांडतो. ट्यूबवर स्वतःच लिहिलेलं असतं की गिळू नये. दोन-तीन वर्षांचं मूल थुंकत नाही, गिळतंच. मग ते मुद्दाम मुलाच्या तोंडात का घालायचं? आम्ही त्रिफळा आणि सैंधवाचं मंजन वापरतो. मुलगी पाच वर्षांची आहे, एकही दात किडलेला नाही. गोड कमी आणि भाकरी-भाजी जास्त, एवढं केलं तर रसायनं लागत नाहीत.

---

पैनगंगेकाठचा | ११ जून, सकाळी ९:४०

निसर्गसंगे भाऊ, फ्लोराइडचं खरं भय काय असतं ते आमच्या इकडं येऊन पाहा. मी यवतमाळ जिल्ह्यातला, झरी जामणीकडचा. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोट्ट्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय आम्हाले शाळेतच लागली. माझी बहीण लग्नाच्या फोटोत एकाही ठिकाणी दात दाखवून हसली नाही. आम्ही लहानपणी ओरडा खायचो की दात घासत नाहीत म्हणून. किती घासले, विटकरीनं घासले, डाग काही गेले नाहीत.

नंतर समजलं की दोष बोअरच्या पाण्याचा. पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. आमच्याकडच्या कितीतरी हातपंपांचं पाणी त्याच्या वर. चंद्रपूरकडं, नांदेडच्या किनवटकडं हेच रडगाणं. काही म्हाताऱ्या माणसांची तर पाठ-गुडघे आखडले त्या पाण्यानं.

म्हणून डॉक्टरांना विचारतो, आमच्याकडच्या लेकरांनी फ्लोराइडची पेस्ट वापरायची का?

---

बालदंतवैद्य_कोथरूड | ११ जून, दुपारी १:३०

दोघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

निसर्गसंगे, तुमची शंका योग्य आहे, उत्तर मात्रेत आहे. भारतात पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडला परवानगी आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये ते साधारण ०.१ मिलिग्रॅम होतं. मुलाने ते सगळं गिळलं तरी मात्रा अत्यल्प आहे. ट्यूबवरची सूचना हवीच, कारण मुलं गोड चवीची पेस्ट चाटून संपवतात. ट्यूब उंचावर ठेवा, पेस्ट तुम्ही काढून द्या. तुमच्या मुलीचे दात चांगले आहेत याचं श्रेय मी तुमच्या भाकरी-भाजीला देईन, मनापासून. गोडाचा मारा नसेल तर अर्धी लढाई जिंकलेली असते. पण मिठाचं खरखरीत मंजन बोटाने रोज जोरात घासू नका. आणि किडीपासून कवचाचं रक्षण फ्लोराइडइतकं सिद्ध झालेलं दुसरं मंजन मला माहीत नाही.

पैनगंगेकाठचा, तुमच्या भागाची गोष्ट वेगळी. फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडचे, डाग दात हिरडीत घडत असतानाच पडतात. एकदा उगवलेल्या दाताला ते होत नाहीत. म्हणजे काळजी घ्यायची ती जन्मापासून आठ वर्षांपर्यंत, त्यातही पहिली तीन वर्षं पुढच्या कायमच्या दातांसाठी फार नाजूक. तिथे पहिलं काम पाण्याचं. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं. आरओने कमी होतं. शक्य असेल तर मुलांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नळयोजनेचं किंवा विहिरीचं तपासलेलं पाणी द्या. आणि पेस्ट कोणती हे तिथल्या दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवूनच ठरवा. पुण्यात बसून मी सरसकट सल्ला देणं चुकीचं होईल.

तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. ते डाग आता बरेच कमी करता येतात, त्यांना जरूर सांगा.

---

शिकागोची_सई | ११ जून, रात्री ९:१५

इथे नळाच्या पाण्यातच मोजून फ्लोराइड घालतात. त्याची सुरुवात १९४५ साली शेजारच्या मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात झाली. लेक वर्षाची झाल्यावर बालरोगतज्ज्ञांनीच दातांना व्हार्निश लावलं आणि दंतवैद्याची वेळ घ्यायला सांगितलं. चारच दात होते तेव्हा तिला! मला गंमत वाटली होती.

तरीही दोन वर्षांची असताना कीड निघाली. पाणी, पेस्ट, व्हार्निश सगळं होतं, पण दिवसभर हातात रसाचा कप. फळांचा रस म्हणजे पौष्टिक, असं माझं गणित होतं. दंतवैद्य बाई म्हणाल्या, फळ चावून खाऊ दे, कपात फक्त पाणी.

---

गुरुजी_जव्हार | १२ जून, सायंकाळी ६:४५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिलीतली मुलं तोंड उघडतात तेव्हा काळ्या खुंटांशिवाय काही दिसत नाही, अशी दरवर्षी पाच-सहा असतात. पाड्यावर दूध मिळत नाही, पण पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं आणि गोळ्या प्रत्येक टपरीवर.

एक माहिती सांगतो, अनेक पालकांना ती नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यात दातांची कीडही बघतात आणि पुढे पाठवतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा, आणि दातांचं दुखणं असेल तर आधीच शिक्षकांच्या कानावर घाला. घाईत सुटून जाऊ शकतं.

आमच्या वर्गात खिचडी झाली की २८ मुलं ओट्यावर रांगेत बसून ब्रश करतात. ब्रशवर नावं मीच लिहिली आहेत. मागच्या वर्षी एका मुलीने घरी जाऊन धाकट्या भावाचे दात घासायला सुरुवात केली. आई शाळेत येऊन विचारू लागली, गुरुजी, हिला आणखी एक ब्रश द्याल का.

---

मोगरा_सातारा | १२ जून, रात्री ८:२०

गुरुजी, नमस्कार तुम्हाला.

आमच्या घरी वेगळीच खोड होती. आजी मिश्री लावायची. दाढ दुखते म्हणून रडलं की पोरांच्या हिरडीवरही बोटभर चोळायची. ठणका थांबायचा, कारण तंबाखू बधिर करते. माझ्या धाकट्या काकूला तिची सवय लागली ती नवव्या वर्षी, दाढदुखीपासूनच. १९९२ पासून दातांच्या पेस्ट-पावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी आहे, पण तव्यावर घरीच भाजली जाते तिला कोण अडवणार. घरात लहान मूल असेल तर मिश्रीचा डबा त्याच्या डोळ्यांसमोरसुद्धा नको.

---

तारामती | १३ जून, सकाळी ११:००

दातांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या भाचीचे वरचे दात आधी आले. सगळे म्हणतात मामाला जड. मामा म्हणजे माझा नवरा! सासूबाई काळजीत आहेत. कुणाकडे असं झालं होतं का?

---

मिंटी | १३ जून, सकाळी ११:१८

माझे स्वतःचे वरचे आधी आले होते. मामा आता ६८ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी टेकडी चढतात. खालचे आधी येतात हे बहुतेकांचं, पण सगळ्यांचं नाही. सासूबाईंना आमच्या मामांचा दाखला द्या.

---

कोकणकडा | १३ जून, दुपारी ४:३०

पडलेला दात काय करायचात तुम्ही? आम्ही कौलावर फेकायचो, "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात हे शाळेत शिकलो तेव्हा आजीची निवड किती नेमकी होती ते कळलं. आता मुलगा आठव्या मजल्यावर राहतो, त्याने दात तुळशीच्या कुंडीत पुरला आणि रोज पाणी घालतोय.

---

प्रवासी_ठाणे | १४ जून, रात्री ९:५०

थोडं अवांतर, पण हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. मागच्या वर्षी सोसायटीत क्रिकेट खेळताना नऊ वर्षांच्या मुलाला बॅट लागली आणि वरचा पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडला. शेजारच्या काकांना माहीत होतं म्हणून तो वाचला. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर काही क्षण पाण्याखाली धरायचा. लगेच जागेवर बसवता आला तर उत्तम, नाहीतर गार दुधात बुडवून दंतवैद्याकडे धाव घ्यायची. आम्ही पेल्यात दूध घेऊन चाळीस मिनिटांत पोहोचलो. दोन आठवडे शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवला, नंतर रूट कॅनॉल झालं. आज दात तोंडात आहे.

कागदात किंवा रुमालात गुंडाळून नेला असता तर वाळून गेला असता.

---

बालदंतवैद्य_कोथरूड | १४ जून, रात्री १०:२०

प्रवासी, फार मोलाचं लिहिलंत. एकच भर: हे कायमच्या दातापुरतं. दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नये, खालच्या कळीला इजा होते. दाखवायला मात्र न्यावं.

---

आजी_नाशिक | १५ जून, सकाळी १०:०५

सगळं वाचलं. चार दिवस विचार करत होते.

माझ्या मुलांच्या वेळी घरात बिस्किटाचा पुडा आजारी माणसासाठी यायचा. दूध पेल्यातून, तेही जेवणानंतर. गूळ-शेंगदाणे चारच्या सुमाराला, एकदाच. बाभळीच्या काडीचं श्रेय मी काडीला देत होते, ते या सगळ्याचंही असणार. आणि आता नातवाच्या हातात दिवसातून पाच वेळा बिस्किट मीच देते, तो रडला की मलाच राहवत नाही. काल सुनेला म्हटलं, डबा वरच्या फळीवर ठेव, माझ्या हाताला लागणार नाही असा.

मधुराताई, सासूबाईंशी भांडू नका. त्यांना सोबत घेऊन जा डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी प्रत्यक्ष दात दाखवून सांगितलं की आम्हा म्हाताऱ्यांनाही पटतं.

---

स्वातीनक्षत्र | १५ जून, दुपारी १२:४०

अंगावर पाजणाऱ्या आयांचं काय? माझा मुलगा दीड वर्षाचा, रात्री दोन-तीनदा घेतो. बाटलीबद्दल वाचून अपराधी वाटायला लागलंय.

---

बालदंतवैद्य_कोथरूड | १५ जून, दुपारी १:५५

अपराधी वाटून घेऊ नका, आणि या धाग्यामुळे दूध तोडू तर मुळीच नका. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान करायला सांगते. वर्षानंतर मूल इतर अन्नही खातं, आणि ते दातांवर तसंच राहून रात्री वारंवार दूध गेलं की धोका वाढतो. म्हणून झोपण्यापूर्वी दात नीट घासा, ओठ उचलून बघत राहा, आणि रात्रीच्या वेळा सवडीने कमी होऊ द्या. चुसनीला मध-साखर लावायची पद्धत मात्र आजच बंद करा. वर्षाच्या आत मध देऊच नये, त्याचं कारण दातांपेक्षाही गंभीर आहे: त्यातून बाळाला बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

---

मधुरा_डोंबिवली | ६ जुलै, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आजींचं ऐकलं आणि सासूबाईंना घेऊनच गेले. सीएसएमटीला उतरून शासकीय दंत महाविद्यालयात, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. तिथल्या मुलीने, शिकाऊ डॉक्टर असावी, लेकीला आधी आरसा हातात दिला आणि सासूबाईंना जवळ बोलावून दाताच्या मागचे खळगे दाखवले. मग दाढेकडे बोट केलं. मागच्या दोन दाढांनाही छोटी कीड होती, जी मला दिसलीच नव्हती. सासूबाई एकदम गप्प झाल्या. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "म्हणून ती भाकरीचा काठ टाकायची होय."

पुढच्या चार दातांना ते काळं औषध लावलं. सुई नाही, रडणं नाही, पाच मिनिटं. दाढांमध्ये सिमेंट भरलं. मधला एक दात खोल गेलाय, त्याच्यावर लक्ष ठेवायचंय, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. दात आता काळे दिसतात. शेजारी दोघींनी विचारलं, तेव्हा सासूबाईंनीच उत्तर दिलं, "औषध लावलंय, कीड थांबलीय."

बाटली: पाणी वाढवत नेलं. आम्हाला सोळा रात्री लागल्या. अकराव्या रात्री फार रडली, मी डळमळले होते, नवऱ्याने उचलून गॅलरीत नेलं आणि लोकल मोजत बसले दोघं. आता दूध पेल्यातून, ब्रशच्या आधी. मिंटी, तुझी भेंडी शोधायची युक्ती रोज चालते. काल सासूबाई शोधत होत्या.

---

चाफा | ६ जुलै, रात्री १०:३२

मधुरा, वाचून डोळे भरून आले. आमचं व्हार्निश लावून झालं, पुढचं तीन महिन्यांनी. ड्रिल लागलं नाही.

---

रानपाखरू | ७ जुलै, सकाळी ७:२०

फार बरं वाटलं. भाकरीच्या काठाचं वाचून मात्र परत आमचे ते दिवस आठवले.

---

नवीन_आई_अकोला | ९ जुलै, दुपारी ३:१०

उशिरा आले या धाग्यावर. मुलगा सहा वर्षांचा आहे. सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्या पलीकडे एक मोठी दाढ येताना दिसतेय. कुठलाच दात पडला नाही, म्हणजे ही पण दुधाचीच ना? तिच्या खाचांमध्ये तपकिरी दिसतंय.

---

बालदंतवैद्य_कोथरूड | ९ जुलै, दुपारी ३:२५

नाही ताई. ती कायमची दाढ आहे, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून सगळ्यांची फसगत होते. आयुष्यभर तीच राहणार. तपकिरी म्हणजे नुसता डाग असेल किंवा कीडही असेल. कीड नसली तर खाचा सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक थराने, बुजवून घेता येतील. याच आठवड्यात दाखवा आणि काय म्हणाले ते इथे लिहा.